लाल दोऱ्याची पानं

यवतमाळला दारव्हा रोडच्या अलीकडे, नाल्याला लागून एक कॉलनी आहे. तिथे जाऊन कोणी "अनघा दारव्हेकरांचं घर कुठं?" असं विचारलं तर पानठेल्यावरचा माणूस डोकं खाजवतो. "रुईवाल्या वहिनीचं घर" म्हटलं, की हातातला चुना तसाच ठेवून बाहेर येतो आणि बोट दाखवतो. हे नाव तिने मागून घेतलेलं नाही. सकाळी नळ यायच्या आधी ही बाई नाल्याकाठच्या मोकळ्या प्लॉटवर जायची. अंगात साधा पंजाबी ड्रेस, पायात नवऱ्याचे जुने बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. रुईच्या झुडपासमोर उकिडवी बसायची आणि एकेक पान हलकेच उलटं करून बघायची. फिरायला निघालेली माणसं आधी थांबून बघत, मग नुसतीच बघत, मग बघेनाशी झाली. माणसाला कशाचीही सवय होते, तशी कॉलनीला तिची झाली.

अनघाचं माहेर वणीचं. वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. खिडकीच्या चौकटीवर रोज काळी भुकटी बसायची आणि त्या भुकटीत मुंग्यांच्या वाटा उमटायच्या. आई फडकं घेऊन यायच्या आत त्या वाटा कुठून कुठे जातात ते बघायचं, हा हिचा लहानपणचा उद्योग. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, गुण चांगले पडले, एम.एस्सी. करायचं मनात पक्कं होतं, तेवढ्यात स्थळ आलं. मुलगा अभिषेक भूमी अभिलेख कार्यालयात, घर स्वतःचं, माणसं देवाधर्माची. "शिक्षण काय, लग्नानंतरही होतं," असं सगळे म्हणाले. सगळेच म्हणतात. लग्नानंतर लेक झाली, सासऱ्यांचं दुखणं निघालं, ते गेले, वर्षश्राद्ध झालं. लेक पहिलीत गेली त्या उन्हाळ्यात अनघाने पोळ्या वाढता वाढता विषय काढला.

"मी एम.एस्सी.ला नाव घालू म्हणते."

अभिषेकने आईकडे पाहिलं. शुभदाबाईंनी वरणाची वाटी खाली ठेवली. "कशात?"

"प्राणिशास्त्रात."

"म्हंजे बेंडकं फाडायची?"

"आता नाही फाडत, आई. बंद झालं ते. कॉम्प्युटरवर दाखवतात."

"कॉम्प्युटरवर फाडला तरी बेंडूक तो बेंडूकच नं," शुभदाबाई म्हणाल्या आणि भात कालवू लागल्या. हात धुवून आल्यावर त्यांनी निकाल दिला. "शिक. पोरीले मी पाहीन. पण या घरात मेलेलं, कापलेलं काही आलं नाही पाह्यजे. बाटलीत बी नाही. घरात देव आहेत. आन दोन वर्षांत काहीतरी हाताले लागलं पाह्यजे. नाही लागलं तर मंग बी.एड. कर, शाळेत लाग, मी तुले कुठंच अडवणार नाही."

असा तो करार झाला, आणि त्यात लबाडी कोणाचीच नव्हती.

वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं. ती हिला दीदी म्हणत. पांढरकवड्याच्या कलीमभाई गॅरेजवाल्यांची मुस्कान हिच्या शेजारी बसायची. तिचा विषय शेणकिडे. पिशवीत कायम एक प्लास्टिकचा डबा, आणि बसमध्ये कोणी "काय आहे व पोरी?" विचारलं की ही थंडपणे सांगायची, "शेण हाये काकू, उघडून दाखवू?" सीट मिळायला त्या डब्यासारखं साधन नाही, असं तिचं मत होतं.

मधल्या सुट्टीत बोलणं निघे ते पुढचंच. कोणी प्राध्यापकीसाठी सेटचा अभ्यास करतोय, कोणी वनखात्याच्या परीक्षेसाठी पहाटे पळतोय, कोणाचा मामा नागपूरच्या औषध कंपनीत चिकटवणार आहे. आरोग्य खात्यात कीटक समाहारक नावाचं पद असतं, हे अनघाला तिथेच कळलं. डास पकडायचा सरकारी पगार मिळतो म्हणून ती आधी हसली, मग त्याच दिवशी त्या परीक्षेचं पुस्तक घेऊन घरी आली. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात ती डासांच्या जाती पाठ करी, आणि लेक पलीकडून पाढे.

मार्गदर्शक होते उत्तमसिंग आडे सर. दिग्रसकडच्या तांड्यातून शिकून वर आलेला माणूस. आवाज मोठा, शब्द मोजके. पहिल्याच तासाला ते म्हणाले होते, "हे शिकून काय होते, असं लोक विचारतील. सांगा, आधी बघता येते. नोकरी त्याच्या मागून येते. कधी कधी बसच चुकते तिची, पण येते."

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. घरात कापलेलं काही आणायचं नाही, म्हणून अनघाने जिवंत विषय शोधला. नाल्याकाठी रुई भरपूर होती. तिच्यावर एक केशरी फुलपाखरू येतं, पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके. पुस्तकातलं त्याचं नाव प्लेन टायगर. ते पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं घालतं, साबुदाण्याच्या दाण्याहून कितीतरी बारीक. अंड्यातून अळी निघते, पान खाऊन वाढते, हिरव्या कोषात जाते, त्यातून पुन्हा फुलपाखरू. रुईचा चीक विषारी, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. गावात ते पान दोघांनाच चालतं. एक मारुती, दुसरी ही अळी.

अनघाला शोधायचं होतं ते इतकंच, की उघड्यावर घातलेल्या अंड्यांपैकी किती फुलपाखरापर्यंत पोचतात आणि बाकीची कशाने जातात. डब्यात घालून वाढवायची नाहीत, झाडावरच राहू द्यायची, रोज जाऊन बघायचं. एका तक्त्यात प्रत्येक अंड्याची ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक रकाना: मृत्यूचं कारण. मुंगी, कोळी, गांधीलमाशी, पाऊस, जे डोळ्यांनी दिसेल ते.

श्रावण लागला तेव्हा आडे सरांनी वर्गात सांगितलं, टिपेश्वरच्या अभयारण्यात कीटकांची पाहणी सुरू होणार आहे, एका संशोधन संस्थेला प्रकल्प सहायक हवा आहे. विभागाकडून एकच नाव मागितलंय. "दसऱ्याच्या आत पाठवायचं. ज्याचं काम पुरं दिसेल, त्याचं नाव जाईल. माझ्याकडे वशिला चालत नाही, मिठाई चालते, पण ती नाव गेल्यावर."

सगळे हसले. अनघाने मात्र वहीत दसऱ्याची तारीख लिहून घेतली. करारातलं "हाताले काहीतरी" म्हणतात ते हेच होतं. घरी अभिषेकला विचारलं. तो म्हणाला, "आठवड्याचे तीन-चार दिवस तिकडं राहावं लागेल नं?" मग आपणच म्हणाला, "जमवू. आधी नाव तर जाऊ दे."

अंडी असलेल्या पानांना खूण करायला हवी होती. पांढरा दोरा चिखलाने दिसेनासा होई, चिठ्ठ्या पावसात विरघळत. एका संध्याकाळी दिवा लावताना देवघराच्या खणात तिला नाडाछडीची गुंडी दिसली. लाल दोरा, मजबूत, रंग लांबून दिसणारा. तिने तो घेतला आणि प्रत्येक पानाच्या देठाला एक-एक गाठ मारली. दोराच तर आहे, म्हणून सासूला विचारलं नाही. न विचारलेल्या गोष्टी पुढे किती लांब जातात, हे त्या वेळी कोणालाच कळत नसतं.

शुभदाबाईंचा शनिवार म्हणजे पुलाजवळच्या मारुतीचा. रुईच्या पानांची माळ स्वतः करायची, स्वतः घालायची. देवळासमोर फुलं विकणारी बेबीताई दर शनिवारी चिडवायची, "काकू, माझ्याकडची घेत जा एखाद्या वेळी, मलेबी पोट आहे." आणि ह्यांचं ठरलेलं उत्तर, "विकतच्या माळेचं पुण्य विकणारीले लागते. माझं पुण्य तुले काहून देऊ मी?"

श्रावणातल्या त्या शनिवारी अनघाला प्रॅक्टिकल होतं. ती उपासाची भगर करून लवकर निघून गेली. शुभदाबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी, परडी घेऊन नाल्याकाठी गेल्या आणि झुडपासमोर थबकल्या. पानांना लाल दोरे बांधलेले.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. औषधाचं किंवा पूजेचं झाड तोडायचं तर आदल्या संध्याकाळी जाऊन त्याला दोरा बांधायचा, अक्षता वाहायच्या, आणि म्हणायचं, "उद्या न्यायला येतो, रागावू नको." अनघाला ही रीत त्यांनीच लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती. तेव्हा ती मान डोलावून ऐकत होती. शुभदाबाईंना वाटलं होतं, एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. आणि आज पाहतात तर हे! खणातली गुंडी का संपत आली होती, तेही आता कळलं.

सोबत भजनातली एक बाई होती. ती म्हणाली, "नवस बोलली दिसते तुमची सून. दुसऱ्या लेकराचा असन."

"काय व तू बी! मारुतीराय ब्रह्मचारी, त्याच्याजवळ लेकरू कोण मांगते? परीक्षेचा आहे तो." शुभदाबाईंचे डोळे भरून आले होते. सून पुस्तकं वाचता वाचता देवाला विसरली असं त्यांना मनातून वाटायचं. बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं. त्यांनी दोरे बांधलेली पानं निवडून निवडून तोडली, एकही मागे ठेवलं नाही. घरी येऊन प्रत्येकावर शेंदराने राम लिहिलं, दोरे तसेच ठेवून माळ ओवली, आणि सुनेच्या नावाने संकल्प सोडून मारुतीच्या गळ्यात घातली. इतक्या मनापासून त्यांनी कितीतरी वर्षांत माळ केली नव्हती.

दुपारी अनघा कॉलेजातून थेट नाल्यावर आली. झुडपं उभी होती. देठ तुटले होते त्या जागी चीक वाळून पांढरे थेंब झाले होते. जिथे जिथे दोरा होता, तिथे तिथे पान नव्हतं. बिनदोऱ्याची पानं शाबूत. कोणी जाणूनबुजून वैर साधावं तसं.

ती एका झुडपाकडून दुसऱ्याकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिची नजर पुलाकडे वळली. देवळात दुपारची शांतता होती. मारुतीच्या गळ्यात माळ, आणि माळेत तिचे सगळे लाल दोरे.

बेबीताई टोपली आवरत होती. "काय पाहून राह्यल्या वहिनी? तुमच्याच सासूबाईंची आहे. काय खुश होत्या आज! माझ्याकडून पाच रुपयाचं फूल बी घेतलं."

"ताई, ही माळ... जरा काढता येईल का? पानाखाली अंडी आहेत."

"कशाची अंडी?" बेबीताई दचकली.

"फुलपाखराची."

बेबीताईने एकदा देवाकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "एकडाव देवाची झाली वहिनी, ती माळ आता तुमची कशी होईन? उद्या सकाळी उतरते. पर तवरोक वाळून जाईन."

अनघा तिथेच पायरीवर बसली. घरी जाऊन भांडावं, असं मनात आलं. पण दारात शिरते तर शुभदाबाई हातात गूळ घेऊन उभ्या. "मले सगळं समजलं," त्या म्हणाल्या. "सांगायची गरज नाही. त्यानं ऐकलं म्हणून समज." आणि गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. तोंडात गूळ असताना माणूस भांडत नाही. अनघाने तो गिळला.

रविवारी सकाळी शुभदाबाईंनी उतरलेल्या माळेतलं एक पान प्रसाद म्हणून घरी आणलं. पान जरा मऊ पडलं होतं, शेंदराचा राम पुसटला होता, दोरा होता. त्यांनी ते देवघरात ताम्हनात ठेवलं. अनघाने तिकडे पाहिलंही नाही. ती देवळामागच्या निर्माल्याच्या ढिगात आपली पानं शोधायला गेली, तर तोवर गाई येऊन ढीग तुडवून गेल्या होत्या.

सोमवारी तिने मुस्कानला सगळं सांगितलं. मुस्कान आधी पोट धरून हसली, मग हिचा चेहरा पाहून जवळ सरकली.

"दीदी, टेन्शन काहून घेते? आकडे भर. अंड्यातून अळी कधी निघते, तुले माहीत आहे. किती मरतात, तेबी पुस्तकात आहे. थोडं इकडंतिकडं कर. कोण नाल्यावर येऊन पाहून राह्यलं?"

"आणि सर?"

"सरांना काम पुरं दिसलं पाह्यजे. दिसलं." मुस्कानने आपल्या डब्याचं झाकण घट्ट केलं. "माझंबी नाव चालू आहे त्या टिपेश्वरसाठी, तरी सांगून राह्यली. समज, किती जीव आहे तुझ्यावर."

त्या संध्याकाळी अनघा टेबलाशी बसली. हातात पेन्सिल घेतली, म्हणजे खोडता येईल. पहिल्या ओळीला लिहिलं, मुंगी. दुसरीला मुंगी. तिसरीला कोळी. चौथीला फुलपाखरू झालं. पाचवीला पुन्हा मुंगी लिहिणार होती, पण इतक्या मुंग्या खऱ्या वाटणार नाहीत. मग तिथे पाऊस लिहिला. किती सोपं होतं ते! कोणाला मारायचं, कोणाला पंख द्यायचे, हे ती खुर्चीवर बसून ठरवत होती, आणि जी अंडी तिने भिंगाखाली पाहिली होती, ज्यांच्यावरच्या बारीक रेघा तिला ठाऊक होत्या, ती आता कुठेच नव्हती. हे काम देवाचं, आपण कसं करतोय, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला सारला. टिपेश्वरची ती एक खुर्ची डोळ्यांपुढे होती. दोन वर्षं होती. बी.एड.चा फॉर्म होता.

देवघरातून शुभदाबाईंची हाक आली. दिवा लावायची वेळ.

"अनघा, ये व इकडं! हे पाह्य, प्रसादाचं पान कोणीतरी खाऊन राह्यलं."

ताम्हनात पानाला टाचणीने टोचावं इतकं भोक पडलं होतं. भोकाच्या कडेला पांढुरकी, काळ्या डोक्याची, केसाएवढी अळी. अंड्याचं टरफल खाऊन झालं होतं, आता ती रामाच्या कान्याकडे सरकत होती.

अनघा खाली बसली आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. शुभदाबाई घाबरल्या. "काय झालं व? अशुभ आहे का हे?"

मग तिने सांगितलं. दोरा कशासाठी होता, पानाखाली काय होतं, तक्ता काय आहे, सगळं. शुभदाबाई समईची वात पुढे सारत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे नवस नव्हता."

"नाही, आई."

"आन मी देवाच्या गळ्यात जीव घातले. उपासाच्या दिवशी."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुले तर माहीत होतं. शनवारी दुपारीच माहीत होतं. काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही किती खुश होता!"

"माझ्या खुशीसाठी खोटं किती दिवस सांभाळणार होती तू?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो लागला. "मी काय लहान लेकरू आहे, गुळावर ठेवायले? न विचारता खणातला दोरा घेतला, ते आपलं घर म्हणून. मंग सांगायच्या वेळी परक्याचं घर कसं झालं?"

अनघाने अळीला ताजं पान आणून दिलं. मग टेबलाशी जाऊन खोडरबर घेतलं. पेन्सिलीने लिहिलेलं लगेच जातं, पण कागदावर त्याचा दाब राहतो; उजेडात तिरका धरला तर मुंगी, मुंगी, कोळी वाचता येत होतं. तिने तो कागदच बदलला.

दुसऱ्या दिवशी आडे सरांच्या खोलीत ती उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. सर खुर्चीत मागे टेकले. मिशीत हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"मग तक्त्यात काय लिहिलं?"

"काहीच नाही, सर. ओळी रद्द करू?"

"का रद्द? अंडं होतं की नव्हतं?"

"होतं."

"गेलं की नाही?"

"गेलं."

"कशानं?"

"मारुतीच्या माळेनं, सर," ती म्हणाली आणि आपणच ओशाळली.

"मग लिहा. मुंगीनं नेलं ते लिहिता, माणसानं नेलं ते का नको? मॅडम, तुम्ही नाल्याकाठची रुई धरली आणि जंगलातली समजून मोजू लागलात. या गावात दर शनिवारी बायका पानं तोडतात, हे तुमच्या घरातच दिसत होतं. चूक सासूबाईंची नाही. तुमच्या प्रश्नात तुमचं गावच नव्हतं." ते उठून खिडकीशी गेले. "पुन्हा सुरू करा. तोडलेल्या झाडावर किती अंडी येतात, न तोडलेल्यावर किती, दोन्ही बघा. पण आता हे दसऱ्यापर्यंत होत नाही."

"कळतं, सर."

"नाव मुस्कानचं पाठवतो."

ती हो म्हणाली. बाहेर आल्यावर आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आली ती भूक. तिने गेटवर उभ्याउभ्या दोन आलूबोंडे खाल्ले आणि मुस्कानला फोन करून आधी शिव्या घातल्या, मग बातमी दिली. "दीदी, मी आकडे भर म्हटलं आन तू माझंच घर भरलं," मुस्कान पलीकडून म्हणाली.

घरी आल्यावर अनघाने तक्ता पुन्हा मांडला. त्या शनिवारच्या सगळ्या ओळींपुढे कारणाच्या रकान्यात शाईने लिहिलं: मारुतीची माळ. एक ओळ तेवढी मोकळी ठेवली, ताम्हनातली. ती अळी आता उघड्यावरची राहिली नव्हती, म्हणून हिशेबात धरता येत नव्हती. पण तिला मेलेली लिहायलाही हात होईना.

शुभदाबाई चहा घेऊन आल्या, चष्मा लावून वाकून वाचलं, आणि कप टेबलावर आपटलाच. "हे काय लिहिलं? मरणाच्या रकान्यात मारुतीरायाचं नाव?"

"सर म्हणाले, खरं ते लिहा."

"हे खरं आहे का? त्यानं तोडली पानं? तो तर जागेवरून हालला बी नाही. मी तोडली. माझ्या हातानं." त्या खुर्ची ओढून बसल्या. "देवाच्या नावावर कायले टाकते? लोकं तेच तर करतात. करायचं आपण आन नाव देवाचं. माझं नाव लिह. शुभदा श्रीकृष्ण दारव्हेकर."

"अशा तक्त्यात नाव नाही लिहीत, आई. मुंगीचंही लिहीत नाही."

"मंग माणूस लिह."

अनघाने लिहिलं ते खोडलं आणि वर लिहिलं: माणूस, पूजेसाठी पान तोडले. शुभदाबाईंनी वाचलं, मान हलवली आणि तेव्हा कुठे आपला चहा घेतला.

नवं काम उभं राहिलं ते त्यांच्याचमुळे. पुलाच्या अलीकडची रुई माळेसाठी, पलीकडची अनघासाठी, असं त्यांनी भजनात जाहीर केलं. "पलीकडं हात लावला तर मी पुढच्या शनवारी तुमच्यासोबत बसणार नाही," एवढीच धमकी. तरी दोनदा कोणीतरी पलीकडची तोडलीच. बाया त्या बाया. अनघाने तेही रकान्यात लिहिलं. हिवाळ्याच्या तोंडाशी दिसू लागलं, की अलीकडच्या तोडलेल्या झुडपांना कोवळी पालवी जास्त फुटते आणि फुलपाखरू अंडी घालायला तिकडेच जास्त येतं. पण शनिवार आला की त्यातली बरीच माळेत जातात. म्हणजे बायकांचाच हात बोलावतो आणि बायकांचाच हात नेतो. एवढ्याशा गोष्टीचं काय होणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आडे सर म्हणाले, अजून एक वर्ष बघावं लागेल, तोवर छातीठोकपणे बोलू नका.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा माणूस कोण?"

"माझ्या सासूबाई, सर," ती म्हणाली. खोलीत हशा पिकला. परीक्षकही हसले. मग त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, सगळे त्याच रकान्यावरचे, आणि तिला सगळे आले असंही नाही.

मुस्कान टिपेश्वरहून फोन करते. वाघाच्या विष्ठेवर कोणते किडे येतात, हे ती जेवायच्या वेळेलाच सांगते. अनघाने कीटक समाहारकाची परीक्षा दिली आहे, निकाल लागायचा आहे. सेटचा अर्ज भरला आहे. ताम्हनातली अळी त्याच पावसाळ्यात मोठी झाली, काळे-पिवळे पट्टे आले, देवघराच्या चौकटीलाच तिने कोष केला. फुलपाखरू निघालं तेव्हा शुभदाबाई सकाळची पूजा थांबवून, हातात घंटी तशीच धरून, पंख वाळेपर्यंत बसून राहिल्या होत्या.

या उन्हाळ्यात बी.एड.चे फॉर्म निघाले. एका शनिवारी सकाळी शुभदाबाई ओसरीत परडी घेऊन बसल्या होत्या. पान उचलायचं, उलटं करून बघायचं, मग शेंदूर लावायचा, अशी आता त्यांची पद्धत झाली आहे. अनघा दारात उभी राहिली.

"आई, दोन वर्षं झाली. हाताला काही लागलं नाही अजून. फॉर्म भरू का?"

शुभदाबाईंनी एक पान उलटं केलं, उजेडाला धरलं, आणि माळेत न ओवता वेगळं ठेवलं. "हे घे. चुकून खुडलं, खाली अंडं आहे. झाडावरून खाली उतरलं, आता तुझ्या तक्त्यात चालत नाही, माहीत आहे मले. पण वाढव."

"फॉर्मचं विचारलं मी."

"आईकलं. निकाल लागला का त्या डासाचा?"

"नाही."

"सर काय म्हणाले होते, अजून एक वर्ष पाह्यलं पाह्यजे म्हणून नं?" त्यांनी सुईत दोरा ओवला, लाल नाही, साधा पांढरा. "मंग पाह्य. करार माझा होता, मोडायचा तर मीच मोडीन. आता जा पुलापलीकडं, ऊन चढायच्या आत. काल तिकडं एक नवीन भाडेकरीण परडी घेऊन फिरून राह्यली होती."